झाडांतला पंक्तिप्रपंच

“पान मोकळं ठिवायचं न्हाई,” म्हणत तात्या पंगतीतून वाकून चालायचे. वाईच्या आसपास कुणाचंही लग्न असो, वाढायला तात्या हजर. नको नको म्हणणाऱ्याच्या पानातही बुंदी पडायचीच. त्यांच्या पंगतीतून अर्धपोटी उठलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर मला जरूर दाखवा.

एरवी ते पाचगणीच्या वरच्या अंगाला पाईनच्या सरकारी लागवडीवर राखणदार होते. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि डीडीटीची पावडर नवी नवी आली होती. पाईनच्या बोंडांत अळी शिरून बी पोखरायची. रोपं करायला बीच उरेना. पावडरीनं अळी थांबते का, हे पाहायला मला तात्पुरतं नेमलं होतं. थांबली तर लागवड राहणार, आणि आम्हा दोघांची नोकरीही.

“तात्या, या ओळीला पावडर मारायची, शेजारच्या ओळीला अजिबात नाही. तरच फरक कळेल.”

“आवं, पर त्यांनी काय घोडं मारलंय?”

“हात लावायचा नाही.”

“न्हाई लावत, सायेब.”

पुढे एकदा त्या कोऱ्या ओळीतल्या बोंडांवर पांढरी भुकटी दिसली. “वाऱ्यानं उडाली आसंल,” तात्या माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले. मी विश्वास ठेवला. पावडरीचा डबासुद्धा त्यांच्याच खोपटात असायचा.

बोंडं उतरवली, बिया फोडल्या. दोन्ही ओळींचं बी सारखंच भरलेलं. पाहायला आलेले वरिष्ठ म्हणाले, “न मारताही बी चांगलं येतंय, मग पावडर हवी कशाला?” आणि प्रयोग गुंडाळला.

ते गेल्यावर तात्या खुशीत जवळ आले. “समदीच झाडं झ्याक निघाली न्हवं? तुमी साताऱ्याला गेला व्हतासा, तवा मी त्या वळीलाबी मारली. एकाला वाढायचं नि शेजारच्याला उपाशी ठिवायचं, ह्यो पंक्तिप्रपंच मला जमायचा न्हाई.”

“तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात, तात्या. मला फसवलंत.”

“आवं, पर बी वाचलं की!”

मी वरिष्ठांना गाठून सगळं सांगितलं. “आता सबबी सांगू नका,” म्हणाले. पुढच्या हंगामात पावडर नव्हती. अळीनं सगळं बी खाल्लं. लागवड मोडली. मी सांगलीला एका वखारीत कारकुनी धरली. निघताना तात्या मोटारीपर्यंत आले होते. मी तोंड फिरवून मोटारीत चढलो.

बऱ्याच वर्षांनी वाईचा एक ओळखीचा भेटला. तात्या गेल्याचं त्यानं सांगितलं. शेवटपर्यंत माझं नाव काढायचे म्हणे. जो भेटेल त्याला सांगायचे, “आमच्या सायेबानं लय गुणाचं औषध काढलं व्हतं. एक बी किडकं निघालं न्हाई.”

माझा जुना राग पुन्हा उफाळून आला. ते बी औषधानंच वाचलं होतं, हे माझ्याखेरीज जगात त्या एकट्या माणसाला ठाऊक होतं, आणि आता तोही नव्हता.