मोहरीच्या शेतातली काकू

गेल्या रविवारी चाकसू गावाच्या अलीकडे, मोहरीच्या एका शेतात आमच्या काकूची चप्पल चिखलात रुतून बसली... आणि नेमका तेव्हाच सूर्य उगवला.

काका-काकू साताऱ्याहून आमच्याकडे जयपूरला आले होते. इतकी वर्षं बोलावतेय, शेवटी या थंडीत मुहूर्त लागला. काका बँकेतून रिटायर झालेत, पण फोटोग्राफीचं वेड नोकरीच्याही आधीचं. सुट्टीत कुठेही जावोत, पहाटे सूर्योदयाला हजर आणि संध्याकाळी सूर्यास्ताला हजर. बाकीची माणसं ज्या मधल्या वेळात फिरायला जातात, तो काका झोपून काढतात.

मी त्यांच्या फोटोंची लहानपणापासूनची फॅन. साताऱ्याच्या घरी हॉलची अख्खी भिंत भरलीये... कन्याकुमारी, कच्छचं रण, कौसानी. एकेका फोटोसमोर उभं राहिलं की हलावंसं वाटत नाही. नियम एकच, फ्रेममध्ये माणूस नको. आम्ही पोरं चुकून मध्ये आलो की ओरडा ठरलेला.

शनिवारी जेवताना माझी लेक मोबाइलवर ते सगळे फोटो बघत होती. ती इथेच वाढलेली, तिचं मराठी थोडं जयपुरी. म्हणाली, "आजोबा, मतलब आजी एकाही फोटोत नाही?"

काका भाजी वाढून घेण्यात गुंग झाले. काकू हसली. "असते गं मी. फोटोच्या आधी असते."

ते खरंच आहे. पहाटेच्या अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. मग काकू टॉर्च घेऊन पुढे जाऊन उभी राहते, काका त्या उजेडावर फोकस लावतात, तो लॉक करतात आणि म्हणतात, "झालं." मग काकू डावीकडे सरकते, फ्रेमच्या बाहेर जाते. नंतर उजाडतं आणि फोटो निघतो. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय.

पण आता पुढच्या महिन्यात काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. हे पहाटेचं भटकणं बंद, असं दोघांनी ठरवून टाकलंय. म्हणजे जयपूरचा सूर्योदय हा शेवटचा... आणि जयपूरचं धुकं तर काही केल्या हटेना. जलमहालला गेलो, तर समोर महालच नाही, नुसतं पांढरं. ट्रायपॉड घडी घालताना काकांचा चेहरा बघवत नव्हता.

रविवारी संध्याकाळी त्यांची परतीची गाडी. म्हटलं, शहर सोडून बघू. पहाटेच दुर्गापुऱ्यातल्या आमच्या घरून निघालो आणि टोंक रोडने सरळ खाली. चाकसूच्या अलीकडे रस्त्याला लागूनच मोहरीचं शेत दिसलं, चढउतार काही नाही, काकूला सोयीचं. शेताचे मालक कडेला शेकोटी करून बसले होते. "जाओ सा, बस बाएँ तरफ मत जाना, कल ही पानी लगाया है," एवढंच म्हणाले.

आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. काकू बांधावरून सावकाश पुढे गेली, टॉर्च धरून उभी राहिली. काका म्हणाले, "झालं." आणि काकूचे पाय सवयीने गेले... डावीकडेच.

घोट्यापर्यंत चिखल. चप्पल आत, पाय निघेना. मी धावले, तेवढ्यात समोरचं धुकं विरळ झालं आणि त्यातून केशरी सूर्य वर आला. अख्खं शेत पेटल्यासारखं पिवळं झालं... आणि काकू बरोबर फ्रेमच्या मधोमध.

आम्हाला काही सुचायच्या आत तिलाच सुचलं. ती त्या तसल्या गुडघ्याने मोहरीत खाली वाकायला लागली. "अहो, घ्या पटकन, मी लपते."

शेवटचा फोटो आपल्यामुळे फुकट जाऊ नये, म्हणून ही बाई चिखलात दडून बसणार होती. मला हसू पण आलं आणि एकदम रडू पण.

काका म्हणाले, "वाकू नकोस गं. उभी राहा."

मग त्यांनी जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. कॅमेरा ट्रायपॉडवरून काढला, बांधावरून तिला वळसा घालून पलीकडे गेले आणि सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. ऐन सूर्योदयाच्या वेळी. काकू म्हणत होती, "अहो, तिकडे काय करताय, सूर्य चाललाय वर." काका फोटो काढत राहिले.

नंतर आम्ही दोघांनी मिळून तिला ओढून काढलं. चप्पल शेतातच राहिली. शेकोटीवाल्या मालकांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि वर चहाही पाजला.

घरी येऊन लॅपटॉपवर फोटो बघितला. काकू छातीइतक्या मोहरीत उभी. शाल घसरलेली, स्वेटरचं बटण चुकीच्या काजात, डोळे किलकिले, चेहऱ्यावर वैताग. त्या चेहऱ्यावर कोवळं ऊन. आणि एवढ्या उजेडात हातातला टॉर्च अजून चालूच.

काकूने चष्मा लावून बराच वेळ निरखलं. "अहो, पण यात सूर्य कुठंय?"

"माझ्या पाठीमागे," काका म्हणाले. 

परवा साताऱ्याहून लेकीला मेसेज आला, भिंतीवर त्या फोटोसाठी कौसानीला हलवलंय म्हणून. मी मात्र बाकीच्या फोटोंचाच विचार करतेय. त्यातलं प्रत्येक पान, प्रत्येक लाट इतकी स्वच्छ दिसते... कारण तिथे आधी काकू उभी होती.