उजव्या चाकाचे नट

ती घटना आजही आठवते. आठवली की माझ्या हातून काय होऊ घातलं होतं या विचाराने अंगावर काटा येतो आणि आमच्या ठाण्यातल्या एका हवालदाराला मनातल्या मनात हात जोडले जातात.

तेव्हा मी भिवंडी भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी राहनाळच्या एका गोदामातून कापडाच्या गाठी घेऊन निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली काल्हेरच्या वळणावर कलंडली. तिचं डावं चाक निखळून गटारात गेलं. गाठींवर बसलेला हमाल खाली सापडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला इस्पितळात पाठवून आम्ही पंचनामा केला, ट्रॉली ओढून ठाण्याच्या आवारात आणली.

चाक कोणीतरी मुद्दाम ढिलं केलंय, असा दुपारी निनावी फोन आला. निनावी कसला, गोदामाचा वॉचमनच होता. त्याने आवाज बदलला होता, पण मागे त्याच गोदामाचा कुत्रा भुंकत होता. सकाळी गोदामात चौकशीला गेलो तेव्हा तो कुत्रा माझ्यावरही भुंकला होता. वॉचमनला बोलावून घेतलं.

तो म्हणाला, "साब, पुराना ड्रायव्हर कल दोपहर को आया था. पाना लेके पहिये के पास बैठा था. मैंने भगाया उसको."

हा जुना ड्रायव्हर म्हणजे कामतघरला राहणारा, पन्नाशीतला माणूस. मालकाने त्याला दसऱ्याआधी आठवडाभर कामावरून काढलं होतं. मालक स्वतः सांगत होता, "साहेब, कटकट्या माणूस. दर आठवड्याला ग्रीस पाहिजे, हवा बघायची, नट आवळायचे. सीझनला ट्रॉली उभी ठेवून कसं चालेल? मी त्याला बोललो, तुला गाडी चालवायची हाय का गाडीची सेवा करायची हाय?"

कामावरून काढल्याचा राग, हातात पाना आणि दुसऱ्या दिवशी निखळलेलं चाक. आणखी काय हवं होतं? मी त्याला उचलून आणला. घरी चाकाचा पाना सापडला, तो मुद्देमालात घेतला.

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला. "मी नट आवळाया गेलो होतो."

"काढून टाकलेल्या मालकाचे नट? फुकट?"

"हा साहेब. दसऱ्याला चाकं काढून रंगवली त्यांनी. रंगवून चाक बसवलं का दोन खेपांनी नट परत आवळाया लागतात. तिथं आता कोन आवळनार?"

मी हसलो. खरं सांगतो, खदाखदा हसलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर दुसऱ्याच्या मालाचं नुकसान करणारे शेकडो आले होते. दुसऱ्याची ट्रॉली फुकट दुरुस्त करायला जाणारा एकही आला नव्हता. त्याची बायको त्याला आणल्यापासून बाहेर बाकावर बसून होती. जीव धोक्यात घालण्याचा गुन्हा लागला तर हा माणूस तुरुंगात जाणार, लायसन्स जाणार आणि या वयात पुन्हा स्टिअरिंगला हात लागणार नाही, हे तिला कळत होतं. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

कागद करायला बसलेला हवालदार जवळच्याच खेडेगावातला, शेतकऱ्याच्या घरातला. त्याने पेन खाली ठेवलं.

"साहेब, उजवं चाक बघितलं का?"

"ते कशाला? निखळलं ते डावं."

"आमच्या घरी पन ट्रॉली हाय. एक डाव या माझ्यासंगती."

वैतागत गेलो. हवालदाराने आधी गटारातून आणलेलं डावं चाक उलटं केलं. चाक जिथे आसाला टेकतं तिथे आतल्या बाजूलाही रंगाचे जाडजूड थर होते, आणि ते दबून चेपटले होते. कोणीतरी मोठ्या हौसेने, सणाचं काम म्हणून, जिथे रंग लावायचा नसतो तिथेही रंग फासला होता. "धावताना ह्यो रंग दबतो नि नट ढिला पडतो," हवालदार म्हणाला. मग आम्ही उजव्या चाकाकडे गेलो. तिथेही तसाच रंग होता, पण प्रत्येक नटाच्या कडेला पान्याने नुकताच खरवडलेला. हवालदाराने पाना लावून जोर दिला. एकही नट हलला नाही.

मी पुन्हा वॉचमनला आत घेतलं. पहिल्या वेळी न विचारलेला प्रश्न विचारला. "कौनसे पहिये के पास बैठा था?"

तो म्हणाला, "राइट साइड."

"तू हाकललंस तेव्हा तो काय म्हणाला?"

आता त्याचे डोळे भरले. "बोला था साब, लेफ्ट वाला बाकी है, सेठ को बोल. मैं भूल गया."

निरोप विसरला, हमाल जायबंदी झाला आणि आपल्यावर येईल या भीतीने त्याने फोन केला. मोटार वाहन निरीक्षकांचा अहवालही पुढे हवालदाराच्या म्हणण्यासारखाच आला. ड्रायव्हरला मी त्याच संध्याकाळी सोडलं.

जाताना मी त्याला बसवून चहा मागवला आणि हात जोडून माफी मागितली. मला वाटलं, हा आता चार शब्द सुनावेल. ऐकून घ्यायची तयारीही होती. त्याने चहाला हात लावला नाही.

"साहेब, हमालाचा पाय वाचला ना?"

"वाचला."

"उजव्या बाजूला सावली होती, म्हनून मी तिकडं आधी बसलो. डावं आधी घेतलं असतं तर..." एवढं बोलून तो रडायला लागला.

दुपारपासून मी त्याला गुन्हेगार ठरवायला धडपडत होतो, आणि तो बिचारा मनातून आधीच स्वतःला शिक्षा देऊन बसला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिलो.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्यासमोर कोणी म्हणाला की मी मदत करायला गेलो होतो, तर मी आधी जाऊन पाहून येत असे. बहुतेक वेळा तो खोटंच बोलत असायचा. तरी जात असे. एका निरपराध माणसाचं आयुष्य माझ्या सहीने संपलं नाही, याचं श्रेय माझं नाही. ते पेन खाली ठेवणाऱ्या त्या हवालदाराचं आहे, आणि काढून टाकल्यावरही स्वतःचा पाना घेऊन आलेल्या त्या ड्रायव्हरचं आहे. अशी माणसं असतात, हे मला शिकायला नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं लागली.