शनिवारचा पुल्ला

राजारामपुरीत मी दोन खोल्यांत एकटी राहत होते. नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेला. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून दिवस काढत होते. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. वरच्या मजल्यावर फिनलंडचं जोडपं राहायला आलं. तो कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर परतायचा. ती दिवसभर घरात.

एका शनिवारी घरमालकीण त्या वरच्या बाईची इंग्रजी चिठ्ठी वाचून घ्यायला माझ्याकडे आली. तीन वाजता कॉफीला या, घरी केलेला पाव आहे, असं लिहिलं होतं. तशीच चिठ्ठी मलाही होती आणि शेजारच्या बिऱ्हाडालाही. पावात अंडं असेल का, असं मालकीणबाईंनी विचारलं. असेल, म्हटलं.

"मग आमचं न्हाय जमायचं," त्या म्हणाल्या.

अंडं मीही कधी खाल्लं नव्हतं. साडेतीनला वर गेले. टेबलावर कप मांडलेले, आणि ती एकटीच दाराकडे बघत बसलेली. पाव वेणीसारखा गुंफलेला, वर साखर. कापला तसा वेलदोड्याचा वास आला. याला पुल्ला म्हणतात, तिनं सांगितलं. त्यांच्याकडे दुपारी शेजारीण न बोलावता येते, कॉफी चढते, हा पाव कापला जातो.

"इथे मी एकटीच पिते," ती म्हणाली.

"मीही एकटीच पिते," मी म्हणाले, आणि दोन काप खाल्ले.

मग दर शनिवारी जाऊ लागले. तिच्याकडे भट्टी नव्हती. वेणी घालून झाली की ताट फडक्याखाली झाकून आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायचो. वेणी घालायला तिनं मलाही शिकवलं.

वर्षभरात यंत्रं बसली आणि ती दोघं गेली. तिकडून एक कार्ड आलं. मी लगेच उत्तर पाठवलं; पुढं काही आलं नाही.

एका शनिवारी मीच पीठ मळलं. बेकरीवाल्यानं माझ्या मागं बघितलं.

"त्या बाई न्हाईत आल्या?"

त्या गावी गेल्या, कायमच्या, असं सांगितलं. त्यानं ताट आत नेलं. भाजून झाल्यावर ताट हातात देताना म्हणाला, "बाई, जमलंय की तुमास्नी."

घरी आले, कॉफी केली. पाव खरंच छान झाला होता. एक काप खाल्ला आणि उरलेला सोमवारी शाळेत नेला. अंडं आहे हे आधीच सांगितलं. फक्त चित्रकलेच्या बाईंनी घेतला, कसा करतात ते विचारलं, आणि तासाची घंटा झाली म्हणून निघून गेल्या.

त्यानंतर मी पुल्ला केला नाही.