थेंबाची पिशवी

चौगुले सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीत दुसऱ्या एका घरी भाकऱ्या थापत होते. फोन त्यांच्या पुतण्याचा होता. "मावशी, काका पहाटे गेले. आज स्वयंपाकाला येऊ नका." तव्यावरची भाकरी टम्म फुगली आणि माझ्यादेखत करपली. त्याला आता सहा आठवडे झाले. माझी शाळा चौथीपर्यंतची; हे लिहितेय ते कुणाला दाखवायला नाही. पण राग जात नाही, आणि तो माझाच माझ्यावर आहे.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी फाउंड्रीतला जुना ब्लोअर आणून मागच्या खोलीत बसवला. त्यावर उभा पाइप, पाइपाच्या तोंडाला जाळी. मला म्हणायचे, पावसाचा थेंब पडताना त्याला खालून हवा लागते. थेंबामागं आपल्याला पळता येत नाही, म्हणून हवाच वर सोडायची, मग थेंब आपल्यासमोर अधांतरी राहतो. स्वयंपाक आटोपला की मी स्टुलावर उभी राहून ड्रॉपरनं पाणी सोडायची. लहान थेंब गोल राहायचा. मोठा खालून चपटा व्हायचा, थरथरायचा. चित्रात शेंडीवाला थेंब काढतात, तसा मी एकदाही पाहिला नाही. त्याहून मोठा थेंब टिकायचाच नाही, फुटायचा. तो कसा फुटतो एवढंच सरांना बघायचं होतं, आणि तेवढंच दिसत नव्हतं. डोळ्यांचा पडदा गेला होता. पुतण्यानं मोबाइलवर काढून बघितलं, तर नुसती पांढरी रेघ आली. "तुमचे डोळे द्या शांताबाई," सर म्हणाले. "दिसेल ते बोलायचं."

पण त्याआधीच त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. चपटा थेंब, मधोमध चीर.

"असाच चिरतो काय? दोन तुकडे?"

"व्हय सर."

मला दिसलं होतं ते वेगळंच. चपट्या थेंबाचा मधला भाग भाकरीच्या पापुद्र्यासारखा पातळ होऊन वर फुगायचा. उलट्या धरलेल्या पिशवीसारखा, आणि तिच्या तोंडाला पाण्याचा जाड काठ. आधी पिशवी फुटून बारीक तुषार उडायचा, मग काठाचे टपोरे थेंब व्हायचे. पापणी लवायच्या आत सगळं व्हायचं, पण मी ते रोज बघत होते. तरी एवढ्या शिकलेल्या माणसाचं चित्र चुकलंय, हे भाकऱ्या करणारीनं कसं सांगायचं? एकदा ते वैतागले. "शांताबाई, माझंच उत्तर मला परत देताय. आरती म्हणताय काय माझ्यामागं?" मी पदर तोंडाला लावून हसले. म्हटलं, "न्हाय सर, तसंच हाय."

पुढं ते अडले. चष्म्यावर उडालेला तुषार बोटानं पुसत बसायचे. "दोनच तुकडे होत असतील, तर हे बारीक पाणी येतं कुठनं?" दिवसच्या दिवस हा एकच प्रश्न. जेवायचे नाहीत नीट. आणि मी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभी राहून ड्रॉपर धुवत होते... उत्तर माझ्या तोंडात होतं. मी विचारलं, "चहा ठेवू काय सर?"

सरांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा खरं सांगायचं ठरवून मी गेले, तर खाटेभोवती नातेवाईक. सर क्षीण आवाजात म्हणाले, "ब्लोअर पुसला काय?" मी म्हटलं, "पुसला." आणि परत आले.

दिवसकार्य झाल्यावर पुतण्यानं खोली मोकळी करायला बोलावलं. ब्लोअर भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेला. कपाटात सरांची वही सापडली. मोठी वाकडी अक्षरं, रेघ सोडून भरकटलेली. पानापानावर एकच: 'दोन तुकडे. पाहणारी: शांताबाई.' रेशनकार्ड सोडलं तर माझं नाव कुणी कधी लिहिलेलं मला माहीत नाही. इथं ते लिहिलं होतं, आणि खोट्यापुढं.

"वही घेऊ काय?" मी विचारलं.

"न्या की मावशी, रद्दीच हाय ती."

वही आता माझ्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी आहे. काल शेवटच्या पानावर पेन्सिलीनं पिशवी काढायला बसले. काठ नीट जमेना. खोडून खोडून कागद झिरझिरीत झाला. शेवटी जमली तशी ठेवली आणि खाली लिहिलं, 'न्हाय सर, तसं न्हाय.'