सव्वीस जानेवारीचा शिरा

सव्वीस जानेवारीला लालबागच्या आमच्या चाळीत सार्वजनिक सत्यनारायण असतो. तुपात रवा भाजल्याचा वास जिन्यात आला की मला आई आठवते.

गिरणी संपाच्या वर्षी, पूजेच्या आदल्या दिवशी पोलिसांनी माझ्या भावाला उचललं होतं. गुन्हा काय, ते कुणी सांगेना. पूजेआधी माइकवर संविधानाचा सरनामा दरवर्षी तोच वाचायचा. त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी वाचला, ‘न्याय’पाशी अडखळत. मग प्रसाद आला आणि आईनं हात मागे घेतला.

“माझो झील घराक येवंदे, मगे खातंय.”

“बाई, सत्यनारायणाचा प्रसाद नाकारू नये हो,” भटजी घाबरून म्हणाले.

शेजारच्या काकूंनी हातातला द्रोण खाली ठेवला. मग एकेक करत सगळ्यांनीच ठेवले. वेलचीचा वास दरवळत राहिला आणि पातेलंभर शिरा थंड झाला. मला वाटलं, चाळी अशाच असतात.

परवा आमच्याच मजल्यावरच्या नीलेशला तसंच उचललं. आज त्याची आई खाली आलीच नाही. सरनामा एका मुलीनं जराही न अडखळता म्हटला. टाळ्या पडल्या. शिरा दुपारपर्यंत संपलासुद्धा.