कबड्डी मॅडमना झोप लागली

आमच्या कबड्डी मॅडमनी कधी शिट्टी वापरली नाही. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरच्या मैदानावर त्या नुसत्या "दम धर, पोरी" म्हणाल्या, की रस्त्यापलीकडच्या क्वार्टरांत ऐकू जाई. माहेर वर्ध्याचं, नवरा त्याच प्लांटमध्ये. मी त्यांच्या हाताखाली खेळले आणि पुढे त्यांच्याच शाळेत शिकवू लागले.

दुखणं लपवून खेळलेलं त्यांना खपत नसे. "दुखते तर सांग न. मुक्यानं खेळशील तर पाय मोडशील." पन्नाशी उलटल्यावर मात्र त्या स्वतःच मुक्या झाल्या. ऐन थंडीत घामानं भिजत, मुलींची नावं विसरत, क्षुल्लक चुकीवर खेकसत. एकदा चहा पिताना हळूच म्हणाल्या, "पाळी जाऊन वर्ष झालं. तवापासून मले झोपच नाही. अंगात भट्टी पेटल्यावानी होते. आता नोकरी नाई होत माझ्यानं."

माहेरी त्यांची बहीण म्हणाली होती, "सगळ्यांलेच होते, सहन कर."

मी त्यांना जवळच्या दुर्गला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्ताच्या गुठळ्या कधी झाल्या का, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, सगळं विचारलं, तपासण्या केल्या आणि हार्मोनचा उपचार सुचवला. मॅडम घाबरल्या. "त्यानं कॅन्सर होते म्हणतात."

डॉक्टरीणबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. धोका अजिबात नाही असं म्हणणार नाही, पण तो प्रत्येकीचा वेगळा, तुमचा कमी दिसतो आणि त्रास मोठा आहे, असं त्यांनी हिंदीत समजावलं. मॅडमनी विचार करून होकार दिला. दंडाला लावायचं जेल आणि सोबत एक गोळी सुरू झाली.

काही आठवड्यांनी त्या स्टाफरूममध्ये आल्या त्या हसतच. "काल झोपली न मी. सकाळी आमच्या घरच्या यायनं हलवून उठवलं मले." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

त्यानंतर मुलींच्या आयांशीही त्या यावर मोकळेपणानं बोलत. वर बजावत, "माहं औषध मागू नको. तुले काय चालते ते डॉक्टर सांगन."

निवृत्तीपर्यंत त्यांनी मुली घडवल्या आणि मग त्या वर्ध्याला गेल्या. दुर्ग स्टेशनवर गाडीच्या दारातून त्यांनी माझ्या घामानं भिजलेल्या ब्लाउजकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"दोन-तीन महिने झाले, मॅडम."

"मंग इतके दिस कावून थांबली?"

गाडी गेली. मी डोळे पुसले, बाहेर आले आणि ऑटोवाल्याला घराऐवजी दवाखान्याचा पत्ता सांगितला. अर्ध्या वाटेतच निम्मं ओझं उतरलं होतं.