हिचं मन नाही

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या थोरल्या भावानं पिशोरला आमच्यासाठी पत्र्याची एक खोली बांधून ठेवली होती. बायकोला गावी जायचंच होतं. अंगणात दोडक्याचा मांडव कुठं घालायचा, हेही तिनं ठरवलं होतं. मला मात्र शहरातली मुकुंदवाडी सोडवेना. गावात उतारवयातही भावाच्या शब्दाबाहेर जाता येणार नाही, याची धास्ती होती. ते त्याला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून म्हणालो, "हिचं मन नाही."

आमच्याकडं पुरुषानं एवढं म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. बाईला नावं ठेवून मोकळे होतात. पंधरा वर्षं वहिनी दर लग्नात हिला "या, शहरवाल्या मॅडम!" म्हणत आल्या. ही नुसती हसायची.

परवा पिशोरला बारशात वहिनी पुन्हा तेच म्हणाल्या. ही पुन्हा हसली, आणि या वेळी मला ते बघवलं नाही. भावासमोरच म्हणालो, "वहिनी, ही यायला तयार होती. मीच नको म्हणालो आणि नाव हिचं सांगितलं."

वहिनी हिच्याकडं वळल्या. "व्हय गं? मग इतकी वर्षं बोलली का नाय?"

"भावाभावात वाकडं कशाला, बाई?"

निघताना वहिनींनी हिची ओटी भरली आणि त्यात मूठभर दोडक्याचं बी टाकलं.

एसटीत मी हिला पहिल्यांदाच विचारलं, "कुठं राहायचं, तू सांग."

"आता मुकुंदवाडीतच," ती म्हणाली. "पण गच्चीवर मांडव तुम्ही घालायचा."